वाचक विचारतात : कातळ, कडे आणि कॅलेंडर

पाऊस ओसरायला लागला की पुण्या-मुंबईकडे कोकणाचे बेत सुरू होतात आणि माझ्या टपालात समुद्र येतो. या वेळी तर समुद्रकाठचे कातळ आणि कडे यांच्याबद्दलच इतकी पत्रं आली की लग्नसमारंभ, पक्षी आणि 'चंद्राचा फोटो पांढरा का येतो' हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. जवळजवळ प्रत्येकाने लेन्सबद्दल विचारलंय. तिथीबद्दल एकानेही नाही! म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हरिहरेश्वरला गेलो. सूर्यास्ताची वेळ अॅपवर बघून बरोबर तासभर आधी प्रदक्षिणेच्या वाटेवर पोचलो, तर पाणी कातळावर चढत होतं आणि तिथल्या माणसांनी वर जायला सांगितलं. जाळीदार खडकांचा एकही धड फोटो मिळाला नाही. यंदा पुन्हा दिवाळीतच जमणार आहे. कोणता दिवस धरू? (पुणे)

तुम्ही सूर्य गाठलात, पाणी गाठलं नाहीत. आणि वर जायला सांगणाऱ्यांचं ऐकलंत हे फार बरं केलंत. त्या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत आणि धोक्याची पाटी तिथे शोभेसाठी लावलेली नाही.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ बघायला अॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, पहाटे तीनच्या सुमारासही भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. तो मुंबईला बरोबर बसतो. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी येते. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

आता तुमची दिवाळी मांडून बघा. धनत्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तोवर पाणी दोन तास चढत असतं. भाऊबीजेला मात्र दोनची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडला, ओहोटी पावणेआठच्या सुमारास. सूर्य मावळताना पाणी अजून उतरतंच आहे. शिवाय अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं आणि उधाणाची सुकतीही, म्हणजे ओहोटीही, तेवढीच खोल जाते, त्यामुळे एरवी न दिसणारे कातळ उघडे पडतात. एकाच सुट्टीतले हे दोन दिवस, आणि फोटोच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. तुम्ही गेला होतात तो दिवस धनत्रयोदशी किंवा नरकचतुर्दशी असणार, असा माझा अंदाज.

यंदा भाऊबीज धरा. बहिणीकडे सकाळीच ओवाळून घ्या.

आणखी एक हिशोब सांगते, तो जिवाशी निगडित आहे. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे चढत्या पाण्याच्या दिवशी सूर्यास्तानंतरचे रंग टिपत तुम्ही रेंगाळता तेव्हा नेमका तिसरा तास सुरू झालेला असतो. अंधार आणि सगळ्यात वेगाने चढणारं पाणी एकदमच येतात. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही विशी-बाविशी मिनिटांत आटपतो. भाऊबीजेला यातलं काहीच तुमच्या विरुद्ध नसतं.

पोचा साडेचारलाच. काळभैरवाच्या देवळामागून पायऱ्या चढून, मग कातळाच्या चिरेतून खाली उतरणारी वाट उजेडात नीट बघून ठेवा, कारण परतताना ती बॅटरीच्या झोतात शोधायची आहे. खाली आल्यावर लगेच ट्रायपॉड उघडू नका. आधी कातळ वाचा. कालवांचे पांढरे कवच चिकटलेत तिथवर पाणी रोज येतं. हिरवं शेवाळ आहे तिथे पाय ठेवायचा नाही, मग बूट कितीही महागाचे असोत. कोरड्या, फिकट पडलेल्या दगडावर उभं राहायचं.

जाळी म्हणाल तर ती बेसॉल्टवर मिठाने केलेली आहे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कणाकणाने दगड फोडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उरते. ती उठून दिसायला उजेड खालून आणि तिरका हवा, म्हणजे सूर्यास्ताआधीचा अर्धा तास. सूर्य कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला ठेवा. पाठीशी घेतलात तर जाळी सपाट दिसेल. सूर्य बुडाला की जाळी सोडा आणि कातळाच्या खाचांतून परत ओघळणाऱ्या पाण्याकडे वळा. शटर पाव ते एक सेकंद ठेवलं तर पाण्याच्या धारा दिसतात. तीस सेकंद ठेवलं की सगळ्याचं धुकं होतं. हे धुकं सध्या फार लोकप्रिय आहे. मला ते आवडत नाही. समुद्र कुठला आहे हेच त्यात कळत नाही.

एक सावधगिरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात आणि ती किनाऱ्यावर न येताही लाटा पाठवतात. 2019 च्या दिवाळीत 'क्यार' भर समुद्रातच फिरत होतं, तरी कोकणचा समुद्र खवळला होता. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते निघायच्या आदल्या दिवशी बघा. इशारा असेल तर तिथी गेली खड्ड्यात, देवळात बसा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. हेदवीच्या बामणघळीत पाणी वर उसळतं त्याचा फोटो स्पर्धेला पाठवायचा आहे. डिसेंबरात गेलो होतो तर पाणी नुसतं आत-बाहेर करत होतं. कधी जाऊ? (डोंबिवली)

माझ्याच गुहागर तालुक्यातली जागा विचारलीस, म्हणून जरा लांब सांगते.

बामणघळीला हरिहरेश्वरच्या बरोबर उलटं हवं. तिथे ओहोटी, इथे भरती. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला जी उभी चीर पडली आहे, तिच्यात लाट शिरते, पुढे वाट अरुंद होते, पाणी कोंडतं आणि वर उसळतं. पाणी पुरेसं चढलेलं नसेल तर लाट चिरेच्या तळाशीच खेळते. आता अडचण बघ. सगळ्यात मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येची, आणि ती येते भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. संध्याकाळी सहाला भरती हवी तर अष्टमी लागते, पण अष्टमीची भरती भांगाची, तिच्यात जोर नसतो. जोर आणि उजेड दोन्ही एकत्र मागशील तर समुद्र देणार नाही.

मधला मार्ग पंचमी-षष्ठीचा. पंचमीला पाऊणपटीने पावणेचार, षष्ठीला साडेचार; हेदवीला याच्याही थोडं आधी धर. भरती अजून अगदी मरगळलेली नसते आणि ऊन उतरायला लागलेलं असतं. घळीचं तोंड समुद्राकडे आहे, तू जमिनीच्या बाजूला मागे उभा राहिलास की सूर्य उसळीच्या पलीकडे येतो आणि प्रत्येक थेंब पेटतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या हिस्स्याहून वेगवान ठेव. काळवत्री कातळ गडद असतो, म्हणून कॅमेरा चित्र उजळवायला जातो आणि पांढरा फेस जळतो; उजेड एक पायरी कमी कर.

पण डिसेंबरात कोकणचा समुद्र निवांतच असतो, तिथीने काही होणार नाही. मेच्या मध्यानंतर ये. तेव्हा समुद्र फुगायला लागतो, सूर्य सातनंतर मावळतो, म्हणजे षष्ठीऐवजी सप्तमीही चालेल. जूनमध्ये पावसाळा बसल्यावर उसळी जबरदस्त असते, पण तेव्हा लांबूनच, वरून, सत्तर-दोनशेची लेन्स लावून. घळीच्या काठावर ओणवं होऊन मोबाइल धरणारी मुलं मी बघते. लाटा मोज. पाच-सहा लहान येतात, मग एक येते जी आधीच्यांना विचारत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसतं बघ, ओला कातळ कुठवर आहे ते ठरव, आणि त्याच्या मागे उभा राहा. स्पर्धेच्या परीक्षकाला तू कुठे उभा होतास ते दिसत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत दोन दिवस आहे. तिथले तांबडे कडे वरून, अगदी टोकावरून खाली बघत काढायचे आहेत. कोणती जागा, कोणता महिना? वाइड लेन्स सोळाची आहे. (कोल्हापूर)

टोकावरून नाही. हे आधी.

हरिहरेश्वरचा दगड आणि रत्नागिरीच्या सड्याचा, म्हणजे उघड्या कातळी पठाराचा, दगड एक नाही. रत्नागिरीला बेसॉल्टवर जांभ्याचं आवरण आहे. वरचा जांभा उन्हाने टणक झालेला, पायाखाली फरशीइतका भक्कम वाटतो. पण त्याच्या खालचा थर मऊ, चिकणमातीचा. पावसाचं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपून हा मऊ थर धुऊन नेतं, आणि वरचा टणक पापुद्रा समुद्राकडे अधांतरी राहतो. एक दिवस तो ठोकळाच्या ठोकळा खाली येतो. खालून बघितलंत तर कड्याच्या पायथ्याशी असे घरंगळलेले चौकोनी धोंडे दिसतील. तुम्ही ज्या टोकावर उभे राहून फोटो काढणार, त्याच्या खाली काय आहे हे वरून दिसत नाही. पावसाळा संपल्यावरचे दोन महिने तर मुळीच काठाशी जायचं नाही. कडा तेव्हा भिजून जड झालेला असतो.

कडा चांगला दिसतो तो शेजारच्या कड्यावरून. रत्नदुर्गाच्या बाजूची टोकं, दीपगृहाचा परिसर, गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारे, या सगळ्या ठिकाणी किनारा आत-बाहेर वळतो आणि एका टोकावरून दुसऱ्याची पूर्ण उभी भिंत मिळते. तेव्हा तुमची सोळाची लेन्स गाडीतच राहू द्या. वाइडमध्ये कडा बुटका होतो आणि आभाळ मोठं. सत्तर ते दीडशेच्या मध्ये कड्याला उंची येते.

महिन्याचं म्हणाल तर सूर्य कुठे मावळतो ते बघावं लागतं. डिसेंबरअखेर तो रत्नागिरीत नेमक्या पश्चिमेच्या जवळपास पंचवीस अंश डावीकडे, नैर्ऋत्येला बुडतो. जूनअखेर तेवढाच उजवीकडे, वायव्येला. दोन्हींत पन्नास अंशांचा फरक. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत डिसेंबरात संध्याकाळभर सावलीत, तीच एप्रिल-मेमध्ये उजळते. नैर्ऋत्येला तोंड असलेली भिंत डिसेंबरात समोरून उजेड घेते, रंग तांबडालाल येतो पण खडबडीतपणा मरतो. समोरचा उजेड रंग देतो, तिरका उजेड पोत देतो. तुम्हाला काय हवंय ते ठरवा आणि होकायंत्र घेऊन दुपारीच भिंतीचं तोंड मोजून ठेवा. मोबाइलमधलं चालतं.

माझी पसंती ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याला. परतीच्या पावसाचे ढग असतात, हवा धुतलेली असते, सड्यावर गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं आणि भिजलेल्या जांभ्याचा रंग कोरड्यापेक्षा दोन छटा गडद असतो. मार्चनंतर क्षितिजावर धुरकटपणा येतो, सूर्य समुद्राला टेकायच्या आधीच विरतो.

दुसरा दिवस मोकळा असेल तर दक्षिणेला राजापूर तालुक्यात कशेळीला जा. देवघळीचा किनारा कड्यांच्या कुशीतला आहे, वरून अर्धगोल दिसतो. कनकादित्याचं देऊळ गावातच. याच भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती बघाल तर थक्क व्हाल. तिथे दुपारी जाऊ नका, ऊन डोक्यावर असताना रेघा दिसतच नाहीत. सकाळी लवकर जा. आणि ट्रायपॉडचे लोखंडी टोक रेघांवर टेकवायचे नाही, बूट घालून आकृतीत फिरायचं नाही. 'पाणी ओतलं की रेघा उठून दिसतात' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

प्रश्न : बजेट चाळीस हजार. खास समुद्रासाठी कोणती लेन्स घेऊ? (नाशिक)

घेऊ नका. सोबतची लेन्स पुरते. त्यातल्या काही हजारांत एक बऱ्यापैकी जड ट्रायपॉड, सहा पायऱ्यांचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) आणि पोलरायझर घ्या. ओल्या कातळावरची चकाकी पोलरायझर काढतो, ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही. उरलेले पैसे पेट्रोलला.

मीठ मात्र लक्षात ठेवा. दुपारनंतर खारे वारे सुटले की तासाभरात काचेवर थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला की ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेलं फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय मुक्कामावर बादलीत बुडवून धुवा आणि उघडे करून वाळवा. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा काच स्वच्छ राहते. सकाळी सूर्य डोंगराआडून येतो म्हणून लोक उठत नाहीत, पण त्या सावलीतल्या निळसर उजेडात काळा कातळ फार सुंदर दिसतो.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. गुडघ्यांमुळे कातळावर उतरणं शक्य नाही. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. आमच्यासाठी काही? (ठाणे)

आरे-वारेच्या घाटातून गाडी थांबवूनच दोन्ही किनारे आणि मधलं टोक दिसतं. दक्षिणेला गेलात तर निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याचा किनारा अप्रतिम दिसतो. तिथे थोडी चढण आहे, सावकाश जमेल का ते तुम्हीच ठरवा. मोबाइल रेलिंगवर किंवा गाडीच्या टपावर टेकवा. सूर्यावर बोट ठेवून उजेड कमी करा, नाहीतर आभाळ पांढरं येईल.

तुम्हाला पौर्णिमा सुचवेन. सूर्य समुद्रात बुडतो त्याच सुमारास पाठीमागे चंद्र उगवतो, ओहोटीने खालचे कातळ उघडे असतात आणि मागे वळून बघायला गुडघे लागत नाहीत. होळीची पौर्णिमा नको, गर्दी असते.

प्रश्न : बेंगळुरूला स्थायिक आहे. मालपेजवळच्या सेंट मेरीज बेटावरचे षटकोनी खांब सूर्यास्ताला काढायचे आहेत. कोकणात असं काही का नाही? (बेंगळुरू)

सूर्यास्ताला नाही मिळणार. बेटावर मुक्कामाची सोय नाही, बोटी दिवसाच चालतात आणि संध्याकाळच्या आत माणसं परत आणतात. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे तुमच्या वाट्याला दुपारचं कडक ऊन. त्यात रंगांच्या मागे लागू नका, कृष्णधवल काढा. कडक उन्हात खांबांच्या कडांना काळी सावली पडते, तीच रेघ. खांबांची डोकी जिथे पायाखाली फरशीसारखी पसरलीत तिथे वाकून, जवळून काढा. ओहोटीच्या वेळेची बोट धरा, पाण्याच्या काठचे खांब बुडापर्यंत उघडे मिळतील. मालपेची भरती मुंबईच्या बरीच आधी येते, म्हणून तिथे आमची पाऊणपट वापरू नका, मालपेचाच तक्ता बघा.

कोकणात का नाही, तर आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असे खांब पडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याचीच. तुमच्या बेटाचा दगड मात्र दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा जुना आहे. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, सेंट मेरीजचा 8.8 कोटींच्या आसपासचा, भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटत होते त्या काळातला. सेंट मेरीज भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा एखादा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नका. आणि बेटावर उतरताच शेवटची बोट किती वाजता सुटते ते बोटवाल्याला विचारून घ्या, ट्रायपॉड त्यानंतर उघडा.